पावाची शिडी

तराबुको, १४ ऑगस्ट १९८८

प्रिय ताई,

पत्ता बरोबर असेल तर हे पत्र तुझ्या हातात पडेल. नसेल तर उसाच्या कुठल्यातरी छावणीत कुणी अनोळखी बासिलिया ते वाचेल आणि म्हणेल, ही कोण वेडी? पत्ता मिठाच्या ट्रकवाल्यानं दिला. म्हणाला, "सेनोनची बायको ना? ओळखतो की. चार वर्षांची पोरगी असते तिच्या पाठीला." ताई, मी मावशी झाले, आणि ते मला एका ट्रकवाल्याकडून कळावं?

मी सुक्रेहून शिक्षिका होऊन आले. आपल्या घरातली पहिली पदवी. इथे तराबुकोच्या शाळेत नेमणूक झाली आहे आणि चौकामागे एक खोली घेतली आहे. खोलीत दिवा आहे, तो भिंतीवरच्या बटणानं लागतो. पाचवीत तू शाळा सोडून मेंढ्यांमागे गेलीस म्हणून माझ्या हातात वही आली. ते मी विसरलेले नाही, म्हणून आज गप्प बसवत नाही.

तुला कुणी सांगितलं आहे की नाही, मला ठाऊक नाही. तू गेल्यावर बाबांनी तुझी वाट पाहिली. पळून गेलेली मुलगी वर्षा-दोन वर्षांत नवऱ्याला घेऊन येते, चिचाचा, मक्याच्या दारूचा घडा ठेवते, दोघं गुडघे टेकतात, बाप आधी ओरडतो आणि मग घडा फोडायच्या ऐवजी पितो. गावात सगळ्यांचं असंच झालं आहे. तुम्ही आला नाहीत. मग आजी गेली, तेव्हाही तू आली नाहीस. त्या वर्षी आत्म्यांच्या सणाला बाबांनी आजीच्या आत्म्यासाठी मांडलेल्या मेजावर तुझंही पान मांडलं. वेणीवाली पावाची बाई, तिच्याशेजारी आत्म्याला उतरायला पावाची शिडी. आईनं पीठ मळायला साफ नकार दिला, तेव्हा बाबा इथल्या रविवारच्या बाजारात येऊन पाववाल्या दोन्या साबिनाकडून विकत घेऊन गेले. शेजारीपाजारी आले, तुझ्या नावानं प्रार्थना म्हटली, पाव घेऊन गेले. गेल्या वर्षी पुन्हा तेच.

यंदा तिसरं वर्ष. तिसऱ्या वर्षी आत्म्याला कायमचा निरोप देतात. त्यानंतर त्याला कुणी बोलवत नाही. आईलाही मग तुझं नाव घेता येणार नाही.

आईचं सांगते. बायका म्हणतात, "हिलारिया, मुलीचं मेज मांडता आणि तू लाल विणतेस? काळं, जांभळं विण." मेज मांडल्यापासून आई बाबांशी बोलत नाही. बाबा समोर बसलेले असतात आणि ती आणखी एक नारिंगी धागा उचलते.

सणाआधीच्या बाजाराला, ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवार-रविवारी, दोघं इथे येतील आणि माझ्या खोलीवर उतरतील. तू ये. भर बाजारात लोकांसमोर तुला उभी पाहिल्यावर बाबा मेज कसं मांडतील? जिवंत माणसाला मेलेलं म्हणता येत नाही. मी मुलांना फळ्यावर दोन अधिक दोन शिकवते, तितकं हे सरळ आहे.

तुझी धाकटी,
दामियाना

*

छावणी, ४ सप्टेंबर

दामी, म्हणजे मास्तरीणबाई,

पत्र मिळालं. अक्षर पाहून सेनोन म्हणाला, हे छापलेलं आहे. मी म्हटलं, माझ्या बहिणीनं लिहिलंय, हात धुऊन धर.

मेजाचं मला माहीत होतं. पोटोसीच्या माणसांबरोबर ऊस तोडताना एकाने विचारलं, तुझं गाव कुठलं. सांगितलं. तो म्हणाला, "तिकडे एका जित्या मुलीला मेजावर बसवतात म्हणे, ऐकलंय." मी म्हटलं, हो, ऐकलंय मीही. आणि ऊस तोडत राहिले.

आजी गेल्याचं मला सहा महिन्यांनी कळलं, ते बाबांना सांग. नको, नकोच सांगू. दामी, आम्ही येणार होतो. पहिल्या वर्षी पोटात पोर होतं, दुसऱ्या वर्षी हंगामाच्या शेवटी मुकादम पैसे घेऊन पळाला. रिकाम्या हातानं कुणी गुडघे टेकतं का? बाबा घड्याकडे आधी बघतात, माणसाकडे नंतर, तुलाही ठाऊक आहे. आणि मेज मांडल्यावर मग कशाला यायचं? मेलेल्या बाईनं कुणाची माफी मागायची?

पोरीचं नाव नीवेस. इथे घामानं जीव जातो आणि मी पोरीचं नाव बर्फ ठेवलं. सगळे हसतात. तिनं बर्फ पाहिलेला नाही. तिला सांगते की आपल्या डोंगरावर तो फुकट मिळतो, तर म्हणते, आई, खोटं.

आईचा नारिंगी वाचून मला रडू आलं, ते तू लिहायला नको होतंस. बाकी बरं आहे. ऊस जाळतात त्याच्या धुरानं जरा खोकला आहे, सगळ्यांनाच असतो.

तुझं दोन अधिक दोन चांगलं आहे. पण बाबा शाळेत गेले नाहीत.

बासिलिया

*

तराबुको, २१ सप्टेंबर १९८८

प्रिय ताई,

बाबा शाळेत गेले नाहीत, पण बाजारात तर गेले आहेत. हातात मेंढी दिली की ते तिचं वजन सांगतात. माणूस समोर आला की त्यालाही ओळखतील.

गेल्या आठवड्यात घरी गेले होते. अंगणात बाबा दोर वळत होते. मी म्हटलं, "बाबा, ताईला एक मुलगी आहे." वळायचे थांबले नाहीत. मी म्हटलं, "नीवेस नाव आहे." तेव्हा म्हणाले, "दोर धर त्या टोकाला. शिकलीस म्हणून हात गळून गेले का?" मी टोक धरलं. बराच वेळ आम्ही दोर ओढून धरला होता. मग हळूच म्हणाले, "कुणावर गेलीय?" मी म्हटलं, पाहिलेलं नाही. "मग काय उपयोग तुझा," म्हणाले.

ताई, ज्याला मुलगी मेली असं वाटतं, तो नात कुणावर गेली असं विचारतो का?

घडा घेऊन येऊ नकोस. काहीही आणू नकोस. फक्त नीवेसला आण. शनिवारी माझ्या खोलीवर पोच, रविवारी आपण सगळे मिळून बाजारात जाऊ. आईला मी कानात सांगणार आहे. बाबांना नाही. आधी सांगितलं तर ते विचार करत बसतील, आणि विचार करायला बसले की त्यांना राग आठवतो.

खोकल्यासाठी दवाखान्यात जा. धूर म्हणून सोडून देऊ नकोस.

दामियाना

*

छावणी, ९ ऑक्टोबर

दामी,

येते.

सेनोनला मुकादम सोडत नाही, म्हणून मी आणि पोरगी. सुक्रेपर्यंत बसनं, पुढे मिळेल त्या ट्रकनं. शनिवारी रात्र झाली तर काळजी करू नको, रविवारी बाजारात सरळ येईन. दवाखान्यातली बाई म्हणते रोज सुई घे, दोन-चार दिवस चुकली तर काही होत नाही. म्हणजे ती तसं म्हणत नाही, मी म्हणते.

मला ओळखाल ना? जरा वाळलेय. कपडे इकडचे आहेत, आपला पोशाख कधीच विकला. आईला ते आधी सांगून ठेव, म्हणजे तिला धक्का बसणार नाही.

नीवेसला सांगितलंय, आजोबांना बघितल्यावर पळायचं नाही. विचारते, चावतात का? मी म्हटलं, आधी चावायचे, आता दात पडले असतील.

बासिलिया

*

तराबुको, ३१ ऑक्टोबर १९८८

ताई,

तू आली नाहीस.

शनिवारी दुपारी दोघं आले. आईनं खोलीतलं बटण दाबून दिवा लावला, विझवला, पुन्हा लावला. बाबा म्हणाले, "पुरे, संपेल." मग माझी पुस्तकं पाहून म्हणाले, "एवढं सगळं वाचायचं आणि मग आमच्याच पोरांना अ-आ शिकवायचं? अ-आ तर पहिल्या पानावर असतं." आम्ही दोघी हसलो. आई फार हसली, कारण तिला मी कानात सांगितलं होतं. ती रात्रभर झोपली नाही. प्रत्येक ट्रक वाजला की उठून बसायची. बाबा म्हणाले, "आज हिला काय ढेकूण चावतायत का?"

रविवारी आईनं बाजारात जागा धरली ती सुक्रेच्या रस्त्याकडे तोंड करून. पुढ्यात एकच कापड, लाल-नारिंगी, दोन वर्षं विणलेलं, त्यात घोडे आहेत आणि घोड्यांच्या पोटात शिंगरं. एक परदेशी जोडपं येऊन ते पुन्हापुन्हा विचारत होतं. पुरुषानं हात लावून पाहिलं, बाईनं आपल्या खांद्यावर धरून नवऱ्याला दाखवलं. आईनं ते अलगद तिच्या खांद्यावरून काढून घेतलं आणि घडी घातली. मी म्हटलं, विकायचं नाही. बाई म्हणाली, मग इथे का मांडलंय? ते तुझ्या खांद्यावर टाकायचं होतं. तू लांबून दिसशील तेव्हा तुला आई दिसावी म्हणून मांडलं होतं.

दुपार झाली, ट्रक परत भरू लागले. आई म्हणाली, "रस्ता खराब असेल." मला तुझा राग आला आहे, ताई. माझा शब्द मी आईला दिला होता.

बाबांनी दोन्या साबिनाकडून काय विकत घेतलं ते तुला लिहिणार होते. आता लिहीत नाही. जाणून घ्यायचं असेल तर इथे येऊन विचार.

दामियाना

*

छावणी, १४ नोव्हेंबर

दामी,

काय घेतलं ते मला विचारायची गरज नाही. मी पाहिलं.

मी आले होते. शनिवारी सुक्रेला पोचायला अंधार पडला, नीवेसला ताप होता, बसस्टँडवर झोपलो. रविवारी मिठाच्या ट्रकनं आलो. चौकाच्या तोंडाशी उतरले तर समोरच बाबा. पाठमोरे. तीच चामड्याची टोपी, तोच पोंचो, फक्त आतला माणूस लहान झालेला. दोन्या साबिनाच्या दुकानापुढे उभे. मी ट्रकच्या आडोशाला थांबले, कारण मला खोकला आला होता आणि खोकत त्यांच्यासमोर जायचं नव्हतं. म्हटलं, उबळ जाऊ दे, मग जाते.

तेवढ्यात साबिना ओरडली, तुला तिचा आवाज माहीत आहे, डोंगरापलीकडे जातो. "तिसरं ना, ताता पोन्सियानो? यंदा निरोप! मोठी बाई देऊ का वेणीची?" आणि बाबांनी हातात पाव घेतला. वेणीचा. वर धरून बघितला, मेंढी विकत घेताना बघतात तसा. बोटानं वेणी चाचपली. साबिनाला काहीतरी बोलले, बहुतेक वेणी वाकडी आहे म्हणाले असतील. तिनं दुसरा दिला. तोही पाहिला. मग पोंचोच्या आत ठेवला.

दामी, माझाच पाव विकत घेतला जाताना मी पाहिला. तुझा त्यात काही दोष नाही. पण एवढं निगुतीनं पाहून घ्यायला नको होतं त्यांनी. रागानं घेतला असता तर मी पुढे गेले असते.

आई पलीकडे बसली होती. रस्त्याकडे बघत होती, पण मी रस्त्यावर नव्हते, ट्रकमागे होते. ते कापड मी पाहिलं. शिंगरंही पाहिली. नीवेस पाठीला झोपली होती, तिला उठवलं नाही. त्याच ट्रकनं परत गेले. ड्रायव्हर म्हणाला, "एवढ्यात झाला बाजार?" म्हटलं, हो, जे घ्यायचं होतं ते दुसऱ्याने घेतलं.

आता लिहू नकोस. मला वाचायला त्रास होतो, ओळी हलतात.

बासिलिया

*

तराबुको, २९ नोव्हेंबर १९८८

ताई, माझी ताई,

हे पत्र तुझं तुला वाचता आलं नाही तर दाजींकडून वाचून घे, पण शेवटपर्यंत ऐक.

तू साबिनाचं ओरडणं ऐकलंस. बाबांचं उत्तर ऐकलं नाहीस. ते हळू बोलले. मी दुकानाच्या आतल्या बाजूला टोपल्यांआड उभी होते, तुला दिसले नसेन, पण मी ऐकलं.

साबिना म्हणाली, मोठी बाई देऊ का? बाबा म्हणाले, "बाई नको. लहान पोर दे. मुलगी."

ती म्हणाली, "अरे देवा, घरात पोर गेलं का कुणी?"

"गेलं नाही. चार वर्षांचं आहे. खायला पाहिजे."

साबिनानं एक दिला. बाबा म्हणाले, "वेणी वाकडी आहे." तुझा अंदाज बरोबर होता. ती म्हणाली, "ताता, तोंडात गेल्यावर सरळ होते." त्यांनी तरी बदलून घेतला. मग साबिनानं नेहमीप्रमाणे शिडी काढून पुढे ठेवली. बाबांनी ती परत सारली. म्हणाले, "शिडी नको." ती म्हणाली, "शिडीशिवाय आत्मा उतरणार कसा?" बाबा म्हणाले, "नको म्हटलं ना. ज्यांना पाय आहेत त्यांना शिडी कशाला?"

ताई, तो पाव नीवेससाठी होता. तू येणार हे त्यांना ठाऊकही नव्हतं. म्हणाले, ट्रकवाल्याच्या हाती पाठव. मी म्हटलं, रस्त्यात मोडेल. तर म्हणाले, मग ठेव, कधीतरी येतील. तो घरी तुळईला टांगला आहे.

आणि सणाच्या दिवशी आजीला निरोप दिला, तुझं पान नव्हतं. प्रार्थना सांगणाऱ्या म्हाताऱ्या सिप्रियानोनं विचारलंच, "मुलीचं तिसरं कुठे?" बाबा सगळ्यांसमोर म्हणाले, "मुलगी खाली ऊस तोडते. ऊस तोडणाऱ्यांना कुणी निरोप देतं का?"

मी तुला हे ३१ तारखेलाच लिहायला हवं होतं. रागात लिहिलं नाही. मार्चच्या नाचाला ये. सगळे येतात, बाबा स्वतः नाचायला उभे राहतात. मी सुक्रेला तुला आणायला येईन, बसमधून उतरशील तिथेच उभी राहीन. आणि सुई चुकवू नकोस. एकही नाही.

दामियाना

*

तराबुको, २२ जानेवारी १९८९

ताई,

पत्र आलं नाही. पोचलं का? फक्त 'हो' लिहून पाठव. दाजींना सांग, नाहीतर नीवेसला एक रेघ मारू दे.

दामियाना

*

छावणी, ३ फेब्रुवारी

दामियाना बाई,

मी सेनोन. मला लिहायची सवय नाही. चुकलं तर सांभाळून घ्या.

बासिलिया ६ जानेवारीला गेली. छातीचं होतं. तराबुकोहून आल्यावर ती उठलीच नाही म्हणायला हरकत नाही. डॉक्टर म्हणाले, आधी आणायला हवं होतं. आधी मी ऊस तोडत होतो. तिला इथल्या गावाच्या दफनभूमीत ठेवलं, कुंपणाजवळ, तिथे सावली आहे.

तुमचं नोव्हेंबरचं पत्र नाताळच्या आधी आलं. मला मोठ्यानं वाचायला वेळ लागतो. मी अडखळलो की ती पुढचा शब्द सांगायची, जणू तिनंच लिहिलंय. 'शिडी नको' तिथे आल्यावर म्हणाली, परत वाच. परत वाचलं. मग वेणी वाकडी आहे ते परत वाचायला लावलं. हसली आणि मग खोकला थांबेना. रात्री म्हणाली, मार्चला जाऊ. मी म्हटलं, जाऊ. तिनं माझ्याकडून घड्याचं वचन घेतलं. म्हणाली, मोठा घे, बाबा आधी घड्याकडे बघतात.

घडा मी घेतला होता. इथेच आहे. रिकामा.

पोरगी विचारते, आई डोंगरावर गेली का. मी हो म्हणतो. तुम्ही शिकलेल्या आहात, हो म्हणावं की नाही ते कळवा.

तुमच्या आईबाबांना हे कसं सांगायचं ते मला कळत नाही. मी त्यांना कधी भेटलेलो नाही.

सेनोन

*

छावणी, ८ ऑक्टोबर

दामियाना बाई,

तुमचं मार्चचं पत्र मिळालं. तुम्ही स्वतः चालत गावी जाऊन सांगितलंत आणि बाबा त्या दिवसापासून फार बोलत नाहीत, हे वाचलं. आईंनी काळा धागा हातात घेतला हेही वाचलं.

आता आत्म्यांचा सण येतोय. मी येऊ शकत नाही, हंगाम संपलेला नाही आणि सोडून गेलो तर पुढच्या वर्षी घेणार नाहीत. एक विचारायचं होतं. इथले पोटोसीचे लोक म्हणतात, तुझ्या बायकोची दोन मेजं आधीच झाली, तुझ्या सासऱ्यानं ती जिवंत असताना उधळली. आता यंदाचं तिसरं, म्हणजे निरोपाचं. एकदा येईल आणि मग कायमची जाईल. माझं म्हणणं, ती तर अजून एकदाही आलेली नाही. मग दोन कशी झाली? पण मला नीट सांगता येत नाही आणि ते जास्त आहेत.

ती तिकडे येईल की इथे, तेही कळत नाही. मी इथे पाण्याचा पेला ठेवणार आहे. तहान तिला फार लागायची.

सेनोन

*

तराबुको, ५ नोव्हेंबर १९८९

सेनोन दाजी,

नीवेसला हो म्हणत राहा. आई डोंगरावर आली होती.

तुमचं पत्र मी घरी वाचून दाखवलं. बाबा ऐकत होते. 'मग दोन कशी झाली' तिथे त्यांनी मान वर केली. दुसऱ्या दिवशी सिप्रियानोकडे जाऊन विचारलं. म्हातारा म्हणाला, "पोन्सियानो, मीच दोन वेळा प्रार्थना म्हटली आहे. देवाच्या दारात आता मागे कसं मोजू? यंदा तिसरं." बाबा घरी आले आणि भिंतीकडे तोंड करून बसले. मी दिवसभर शाळेत मुलांना बेरीज शिकवते, दाजी. त्या दिवशी मला वजाबाकी कशी करायची ते कळेना.

सणाआधीच्या शनिवारी दोघं गेल्या वर्षीसारखीच माझ्या खोलीवर आली. दिव्याचं बटण कुणी दाबलं नाही. रविवारी बाजारात साबिनानं लांबूनच पाहिलं आणि या वेळी ओरडली नाही. दुकानाबाहेर येऊन हळू म्हणाली, "ताता, काय देऊ?" बाबा म्हणाले, "यंदा विकतचं नाही." त्यांनी मैदा घेतला, आणि कोकाच्या पानांची मोठी पिशवी. एवढी पानं कशाला ते सोमवारी कळलं.

सोमवारी गावात बाबा घरोघर गेले. ज्या ज्या घरातलं माणूस त्या दोन वर्षांत आमच्या अंगणात पाव खाऊन गेलं होतं, त्या प्रत्येक दारात. पिशवीतली मूठभर पानं मान म्हणून पुढे धरायची, गुडघे टेकायचे आणि म्हणायचं, "मी तुम्हाला जित्या मुलीच्या नावाचा पाव खाऊ घातला. माफ करा." मुलीनं येऊन जे करायचं म्हणून ते पाच वर्षं वाट पाहत होते, ते त्यांनी स्वतः केलं, दाराबाहेर, लहान पोरांसमोरही. गुडघ्यांनी त्यांना संध्याकाळी घरी चालता येत नव्हतं. आईनं पाणी गरम करून त्यांचे पाय धुतले. ती त्यांच्याशी तीन वर्षांत पहिल्यांदा बोलली. म्हणाली, "बस. पीठ मळते."

पावाची बाई आईनं केली. वेणी घालताना तिची बोटं फार वेळ घेत होती. शिडी बाबांनी केली. सगळ्यांच्या शिड्या वरून खाली येतात, मेजावर उभ्या टेकवतात. बाबांनी लांबलचक केली आणि मेजावरून दाराकडे उतरती ठेवली, खोऱ्याच्या दिशेला. मी म्हटलं, "बाबा, अशी कुणी ठेवत नाही." म्हणाले, "तिला वरून उतरायचं नाहीये. खालून चढून यायचंय. उसातून इथवर चढ केवढा आहे, तुला ठाऊक आहे का?"

मेजावर रीतीप्रमाणे काळं कापड होतं. त्याच्या खाली आईनं ते घोड्यांचं लाल कापड आधी अंथरलं होतं. कडेनं बोटभर दिसत होतं, तेवढं तिनं दिसू दिलं.

दुपारी माणसं येऊ लागली. रीत अशी की लोक प्रार्थना म्हणतात आणि पाव घेऊन जातात. पण पहिली आली ती शेजारची निकानोरा, तिनं शालीतून पाव काढून मेजावर ठेवला. म्हणाली, "तो तेव्हाचा परत घे, पोन्सियानो. मी खाल्लाच नाही असं समज." मागून दुसरी. मग तिसरा. कुणी घरी भाजलेले, कुणी मक्याचे. जागा पुरेना तेव्हा पाटावर ठेवले. सगळ्यांत शेवटी सिप्रियानो काठी टेकत आला. दोन पाव ठेवले आणि म्हणाला, "मी तीन नेले होते. तिसरा कुत्र्यानं पळवला होता, त्याचा हिशोब कुत्र्याकडे माग." मग टोपी काढली. बाबांनी विचारलं, "ताता, कितवं म्हणणार?" म्हाताऱ्यानं मेजावरचे, पाटावरचे पाव बोटानं मोजले. मग मोठ्यानं, रस्त्यावर ऐकू जाईल असं म्हणाला, "बासिलिया, पोन्सियानोची मुलगी. पहिलं."

मी मुलांना शिकवते की माशी म्हणजे घाण, अन्नावर बसू देऊ नका. गावची म्हातारी माणसं म्हणतात, सणाला आत्मा माशी होऊन येतो. प्रार्थना चालली असताना एक निळी माशी दारातून आली आणि शिडीच्या खालच्या पायरीवर बसली. तिथून वरच्या. निकानोराच्या पोरीनं हात उगारला. बाबांनी तिचा हात धरला. आईनं मेजावरचा पाण्याचा पेला माशीच्या जवळ सरकवला. दाजी, मीही तिला हाकललं नाही.

तुमच्याकडचा पेला सकाळी कमी झाला होता का, ते मात्र नक्की कळवा.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे पाव वाटले, शिडीही वाटली. एकच उरला आहे, तुळईला टांगलेला, गेल्या वर्षीचा, सरळ वेणीचा. तो मागायची कुणाची हिंमत नाही. मी निघताना बाबांनी तुम्हाला निरोप दिला आहे, जसाच्या तसा लिहिते. "त्याला सांग, घडा रिकामा असला तरी चालेल. मी माणसाकडे बघेन. आणि पोरीला दुधाचे दात पडायच्या आत आण. पाव दगड झालाय. दुधात भिजवावा लागेल."

दामियाना